बोरीची विहीर आणि माझा कॉन्फिडन्स

२ मे १९९९, रविवार. घोडेगाव.
सासरे भगवंतराव आणि मेहुणा अमृत येऊन गेले. अधिकमास लागला की धोंडे जेवायला बोरीला या म्हणाले. इथवर उत्तम. मग अमृत म्हणाला, दाजी, औंदा विहिरीत उडी मारून दावाच. लग्न ठरताना मी कुकडीचा पूर पोहून गेल्याचं सांगितलं होतं. नऊ वर्षं झाली, हे लोक विसरत कसे नाहीत?
आमची आरती पाण्याला भिते. ती सगळ्यांदेखत म्हणाली, पप्पांनी उडी मारली तर मी पण मारीन. आता माघार नाही. पोरीपुढे बाप खोटा पडता कामा नये.

३ मे.
ऑफिसात मासिक चाळलं. ज्याची भीती वाटते त्याच्याकडे रोज मुद्दाम जावं, कॉन्फिडन्स आपोआप येतो. मला भीती नाहीच, पण पद्धत शास्त्रीय आहे. उद्या पहाटे पाचला गावच्या विहिरीवर.

४ मे.
जाग साडेसातला. शीलाने उठवलं नाही. बायकोचा पाठिंबा नसला की असं होतं.

६ मे.
गेलो! लांब बाभळीखाली उभं राहून विहिरीकडे रोखून पाहिलं. विहीर काहीच करू शकली नाही. पहिला राऊंड माझा.

९ मे.
बादलीत तोंड बुडवून सराव. नाकात पाणी. बादली सदोष. शीला म्हणाली, अहो, मी शिकवते की, माहेरी म्हशींबरोबर पोहलेय मी. बायकोकडून शिकलो तर कुकडीचं काय? नको म्हटलं. तिने कपाळावर हात मारला.

१३ मे.
थेट काठावर! पाणी हिरवं आणि लई खोल. एका बेडकाने उडी मारली. त्यात कसलं आलंय शौर्य, त्याला दुसरं कामच नाही.

१६ मे, रविवार. बोरी बुद्रुक.
अख्खी भावकी विहिरीवर. शीला आधीच पाण्यात. मी काठावर दीर्घ श्वास घेत होतो. अमृत म्हणाला, दाजी, लई टाइम लावता राव. भरल्या पोटी उडी घेऊ नये, असं मी समजावलं. सासरे म्हणाले, पावणं, धोंडं अजून वाढलंच न्हाई.
तेवढ्यात धप्पकन आवाज आला. मला वाटलं मीच पडलो. बघतो तर आरती! नाक दाबून पोरीने उडी टाकलेली. माझ्या काळजाचं पाणी झालं. मग डोकं वर आलं, आईच्या हातात, खदाखदा हसत.
मी ताबडतोब धावलो. पायऱ्यांनी. घोट्यापर्यंत पाण्यात गेलो, तिथेच थांबलो. पाणी गार होतं म्हणून. आरती आईला धरून पायरीशी आली, माझा हात धरला आणि कानात म्हणाली, पप्पा, मला पण भीती वाटत व्हती, पण मी कुणाला सांगितलं न्हाई.
तसं मीही कुणाला सांगितलं नव्हतं. पण सगळे आधीच हसत होते.