फिंटनचं घर नदीच्या कोणत्या काठाला

माझा नातू हॉकी खेळतो असं तू तिकडे गल्लीभर सांगत फिरतेस म्हणे! बॉस्टनहून सुट्टीला आलेल्या त्या मिसेस हॅरननं परवा मिस्सा सुटल्यावर, चर्चच्या दारात, चारचौघींसमोर मला विचारलं, "तुमचा तो हॉकीवाला नातू काय म्हणतो?" डेलिया, एक वेळ मला चोराची आजी म्हणाली असती तर ऐकून घेतलं असतं. पण हॉकी! चेंडू जमिनीवरून घासत न्यायचा, जणू काही ओटा पुसायचाय. आपल्या बापानं आयुष्यभर हर्लिंगची ती रुंद पात्याची काठी, हर्ली, हातात धरली, आणि त्याची धाकटी लेक परदेशी जाऊन काठीकाठीतला फरक विसरली. हे आधी लिहून टाकलं, आता पुढचं शांतपणे लिहिते.

तर प्रिय धाकटे, थोरलीचा आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? माझे आहेत तिथेच आहेत. तुझ्या नवऱ्याला माझा नमस्कार सांग, त्याला ऐकू येत असेल तर. ड्रमकॅरिगमध्ये सगळं ठीक. कोंबड्या ठीक, बटाटे बरे, नवीन फादर जरा लांबण लावतात पण मनानं चांगले आहेत.

फिंटनचं तुला पहिल्यापासून सांगते, म्हणजे पुन्हा चारचौघींत माझी शोभा होणार नाही. तो या वसंतात जिल्ह्याच्या संघातून बाहेर पडला. आता गावाच्या संघातून तेवढा खेळेल, आणि घर बांधेल. ते घर कुठं बांधायचं यावरून माझी झोप उडाली आहे, पण तिथवर यायला वेळ लागेल. चहा ठेव.

लहानपणी तो माझ्या घराच्या बाजूच्या भिंतीवर चेंडू मारायचा. मी आत जपमाळ घेऊन, तो बाहेर हर्ली घेऊन. 'नमो मरिये', धब्. 'कृपापूर्णे', धब्. भिंतीचा गिलावा पडला, कोंबड्यांनी अंडी बंद केली, पण त्यानं काही थांबवलं नाही. (अजूनही चर्चमध्ये मधेच धब् ऐकू आलं नाही की मला पुढचे शब्द आठवत नाहीत. फादरना वाटतं मी ध्यानात गेले.) त्याची आई म्हणायची, "आई, त्याला ओरडा ना!" मी म्हटलं, ओरडून काय होणार, त्याच्या बापाला ओरडून काही झालं होतं का? पुढचे दोन दात गेले तेव्हा तो ते खिशात घालून घरी आला आणि म्हणाला, "आजी, जिंकलो." मी म्हटलं, "आधी तोंड धू."

मग जिल्ह्याच्या संघात घेतलं, आणि मग क्रोक पार्कच्या मैदानावरचा तो देशाचा अंतिम सामना. तुला पेपरातलं कात्रण पाठवलं होतं, पण पेपरवाल्यांना काय कळतं! मी स्वतः तिथं होते. माझ्या शेजारी समोरच्या जिल्ह्याची एक बाई बसली होती. फिंटनच्या हाती चेंडू आला की ती ओरडायची, "पाडा त्या लाल्याला!" मध्यंतरात तिनं मला हॅमचं सॅन्डविच दिलं, चांगलं होतं, मोहरी जरा जास्त. तेव्हा मी सांगितलं की तो लाल केसांचा लाल्या माझा नातू. तशी ती म्हणाली, "अगं बाई! दिसायला छान आहे हो, पण आडवा तर पाडायलाच हवा." मला बाई आवडली. दर नाताळात तिचं कार्ड येतं.

शेवटच्या मिनिटाला बरोबरी होती आणि फिंटनला फ्री मिळाली (म्हणजे कुणी आडवं न येता मारायचा फटका, तेही विसरली असशील). आता हे कुणाला सांगू नकोस, पण त्याची फ्री मी आजवर एकदाही पाहिलेली नाही. तो चेंडूपाशी उभा राहिला की मी मैदानाकडे पाठ करते. त्या दिवशीही केली. मागच्या रांगेत एक जाडा माणूस होता, त्याचं तोंड बघत उभी राहिले. आधी ते पांढरं झालं, मग लाल, मग त्यानं मला उचललंच. तेव्हा कळलं, गेला खांबांच्या मधून.

चषक घेऊन गावात आले तेव्हा चार दिवस कुणी कामाला गेलं नाही. त्या चषकातून लोक काय काय प्यायले ते देवालाच ठाऊक. दोन तान्ही पोरं त्यात बसवून फोटो काढले, त्यातलं एक कोरडं नव्हतं. शेवटी मीच तो सोड्यानं घासला. देशातला सगळ्यात मोठा मान, आणि वास म्हणशील तर शनिवारच्या गुत्त्याचा.

पण पाचव्या दिवशी फिंटन कामावर. खेळाचं एक नाणंही मिळत नाही हे मिसेस हॅरनला पटतच नाही. तो दूध काढायची यंत्रं दुरुस्त करतो. त्या हिवाळ्यात जिल्ह्यातली सगळी यंत्रं एकदम कशी बिघडली बघ! तो गेला की शेतकरी म्हणणार, "यंत्राचं राहू दे रे, त्या फ्रीचं सांग." गाई बिचाऱ्या भरल्या सडांनी दाराशी हंबरतायत आणि हे दोघं गोठ्यात झाडू घेऊन खेळून दाखवतायत.

आता मुद्द्यावर येते. नदीपलीकडचं बॅलिनॅश तुला आठवतं. त्यांच्याशी आपलं जुनंच जमत नाही, आणि जमूही नये. दोन वर्षांमागे त्यांच्याशी सामना होता. त्यांच्या पॅकी लॉलरच्या मुलानं हेल्मेटच्या जाळीखालून फिंटनची हनुवटी फोडली. इस्पितळात नेलं, तर टाके घालायला कोण? पॅकीची लेक, ग्रान्या. भावानं फाडलं आणि बहिणीनं शिवलं. गडी टाके काढायला गेला तो तीन वेळा गेला. एकदा काढले की काढले ना? मी तेव्हाच ओळखलं. पोरगी मात्र खणखणीत आहे, माझ्यासमोर म्हणाली, "आजी, तुमच्या नातवानं हनुवटी खाली ठेवली असती तर लागलं नसतं." बरोबरच होतं.

लग्न झालं, आता मुलगा झालाय. त्याचं नाव कोनाल. आणि पॅकीनं त्यांना घराला जागा देऊ केली आहे, नदीपलीकडे, त्याच्या घरामागे. तुला नियम सांगायला नको. फिंटन कुठंही राहिला तरी ड्रमकॅरिगचाच, पण पोर ज्या गावात वाढेल त्याच गावाकडून खेळेल. म्हणजे आपल्या बापाचा खापरपणतू बॅलिनॅशची पिवळी जर्सी घालून आपल्याच गावाला हरवायला येईल! पॅकीनं पाळण्यावर ती जर्सी टांगूनही ठेवली आहे. बाप्तिस्म्याच्या जेवणात मला म्हणतो, "हॅनाबाई, पोराची मनगटं बघा. बॅलिनॅशची आहेत." मी म्हटलं, "पॅकी, त्या मनगटांनी आजवर काय जिंकलंय ते सांग. घाई नाही, माझा केक संपायचा आहे."

फिंटनला विचारलं तर म्हणतो, "आजी, इकडे जागा कुठाय? विकत घ्यायची आमची ऐपत नाही. आणि घर म्हणजे घर गं." ज्यानं क्रोक पार्कात शेवटच्या मिनिटाला ती फ्री मारली, तो हे बोलताना माझ्याकडे बघत नव्हता. पुढच्या महिन्यात पाया खणायचा आहे.

असो. मला काय त्याचं! माझं वय झालं, मी दोन्ही काठ बघितले. बाकी सगळं ठीक, पोर गुटगुटीत आहे. तब्येतीला जप.

तुझी थोरली बहीण,
हॅना टूही

ता. क. इथल्या आपल्या चौकातलं ते तिकोनी शेत बापानं तुझ्या नावानं ठेवलं, त्यात सध्या काटेरी झुडपं आहेत आणि मर्फीचं गाढव आहे. इतक्या वर्षांत मी त्याबद्दल एक अक्षर बोलले नाही, याची नोंद घे. त्याचा रस्त्याकडचा कोपरा एका घरापुरता फिंटनच्या नावे करून दे. गाढवाला उरलेलं पुरेल.

दुसरं ता. क. हे ग्रान्याच्या विरुद्ध आहे असं समजू नकोस. काल भांडी पुसताना तीच हळूच म्हणाली, "आजी, बाबा मला फार आवडतात, पण मध्ये एक नदी असली तर जास्त आवडतील."

तिसरं ता. क. उत्तर तू स्वतःच्या हातानं लिही. नवऱ्याला विचारत बसू नकोस, आणि लेकीला तर मुळीच लिहायला सांगू नकोस. ती 'विचार करून कळवते' असं लिहील, आणि तोवर पोरगं पलीकडच्या मैदानावर चालायला लागलेलं असेल.