कोरडं जावळ

गेमेलुसदादा,

काल स्मशानात सगळ्यांसमोर तू सांगितलंस, "बाळात धुगधुगी होती तोवर मी बाप्तिस्म्याचं पाणी घातलं." धर्मगुरूचा शब्द! म्हणून माझं लेकरू हुतात्म्यांच्या कबरींशेजारी पुरलं गेलं; बाप्तिस्म्यावाचून गेलेल्याला तिथं जागा कोण देतं?

पण दादा, तू धापा टाकत पोचलास तेव्हा ते गार पडलं होतं. तू गेल्यावर मी त्याच्या जावळावरून हात फिरवला. कोरडंठाक होतं.

त्या पाण्यावाचून गेलेलं तान्हंसुद्धा आदमाकडून वारशानं आलेल्या पापापायी नरकाच्या आगीत जातं, असं वेदीवरून गरजणारा तूच ना? मी चिडून म्हणायचे, "अजून मान न धरलेल्या पोरानं कसलं रे पाप केलं?" तू म्हणायचास, "रोगाता, गप्प बस. माणसाच्या हातात काही नाही, सगळी देवाची कृपा."

अख्ख्या कार्थेजात कधी खोटं न बोललेला माणूस तू! मग काल खोटं कोण बोललं? तू, की ती कृपा?

हे पत्र चुलीत घालतेय. पाठवलं, तर तू सगळं कबूल करून बसशील, आणि लोक माझ्या बाळाला उकरून काढतील.

तुझी धाकटी,
रोगाता