मोहाखालचे दगड

नाकाडोंगरी,
कार्तिक महिना

प्रिय मंगेश,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. मी तोंड उघडलं की "ताई, तू चूप राय, मी येऊन पायतो" म्हणतोस आणि फोन ठेवतोस. म्हणून हे पत्र. जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये निवांत बसून वाच, रागावून अर्ध्यावर सोडू नकोस. रविवारी तू तारेचं बंडल घेऊन येणार, आपल्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर ती बांधून रात्री करंट सोडणार, हे मला डिंपलनं सांगितलं. मामानं गप्प राहायला सांगितलं होतं म्हणे, पण माझ्या पोरीच्या पोटात काही राहत नाही.

धान छान निसवलं आहे, लोंब्या भरल्या आहेत. रानडुकरं येतात हेही खोटं नाही, बोडीच्या पाण्याकडचा शेताचा कोपरा त्यांनी लोळून सपाट केला. पण तुझी तार डुकरांसाठी नाही, हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. चैत्रात मोहफुलं वेचायला गेलेल्या तुझ्या भाऊजींना वाघानं नेलं. मला मुलगा नाही, म्हणून अग्नी तू दिलास. स्मशानातून आल्यावर तू जेवला नाहीस, नुसता जंगलाकडे बघत बसलास. तेव्हाच मला तुझी भीती वाटली होती.

त्या मोहाच्या झाडाखाली आता दगडांचा ढीग झाला आहे. वाघानं माणूस नेला की त्या जागी येणाऱ्या-जाणाऱ्यानं एक दगड ठेवायचा, गेलेल्याला एकटं वाटू नये म्हणून, ही आपली रीत. सरपणाला जाणाऱ्या बाया ठेवतात, गुराखी ठेवतात, तुझ्या भाऊजींना कधी न पाहिलेली माणसंही ठेवतात. तू मात्र ती वाटच सोडलीस. मोठ्या रस्त्यानं फेरा घालून घरी येतोस.

दिवाळीच्या आधी शेजारच्या जागेश्वरभाऊंच्या तारेत वाघीण मेली. बातमी ऐकली आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. बघायलाही गेले. धानाच्या बांधीतल्या चिखलात ती कुशीवर पडली होती आणि तिच्या सडांना दूध होतं. तुझ्या भाऊजींना नेणारी हीच का, हे कुणालाच सांगता आलं नाही. जागेश्वरभाऊ वनखात्याच्या माणसांसमोर हात जोडून एकच म्हणत होते, "मी त डुकरासाठी लावली होती जी." त्यांना गाडीत घालून नेलं. तिला तिथंच धुऱ्यापलीकडे सरण रचून जाळलं. डिंपल माझा पदर धरून म्हणाली, "आई, आता तिच्या पिल्लायले कोन पाहीन?"

आपले बाबा सांगायचे, त्यांच्या लहानपणी या जंगलात वाघाचा आवाज आला नाही तर म्हातारी माणसं काळजी करत. आता खाणी झाल्या, रस्ते झाले, जंगलाचे तुकडे पडले. वाघ कमी झाले तशी डुकरं माजली, डुकरांसाठी आपण तारा लावल्या, आणि उरलेले वाघ त्या तारांत मरतात. मी काही मोठी शहाणी नाही. पण एवढं मला धानाच्या बांधीत उभं राहूनही दिसतं. वाघावरचा माझा राग गेलेला नाही, मंगेश. तो जायचाही नाही. तरी हे जंगल रिकामं झालेलं मला बघवणार नाही.

काल सकाळी आपल्याच धुऱ्यावरच्या ओल्या मातीत पंजे उमटलेले दिसले. माझ्या तळहाताहूनही लहान. वनरक्षकाला कळवलं, ते लोक पिल्लाला शोधताहेत, पण अजून सापडलेलं नाही. म्हणून घाईनं लिहिते आहे. तार आणू नकोस. त्या तारेत ते पिल्लू मेलं म्हणून तुझे भाऊजी परत यायचे नाहीत, आणि तू तुरुंगात गेलास तर मला माहेर उरणार नाही. रविवारी ये, पण मोहाच्या वाटेनं ये, आणि येताना दोन दगड उचल. एक तुझ्या भाऊजींच्या ढिगावर ठेव. दुसरा जागेश्वरभाऊंच्या धुऱ्यापलीकडे, तिला जाळलं तिथं. तिथला पहिला दगड मी ठेवला आहे.

तुझीच,
ललिताताई