करंगळीएवढी शॅकल

२४ ऑक्टोबर २०२५, उमरगा

नाव आली एकदाची! गुंडप्पा ड्रायव्हरनं परतीच्या रिकाम्या ट्रकमधून पुण्याहून आणली. एक नाव कसली — दोन लांबट होड्या, मधी नळ्यांची चौकट. कॅटामरान म्हणत्यात. माझ्या पोरीच्या, शिवांजलीच्या, कॉलेजातल्या सरांनी दिवाळीच्या सुट्टीत सरावाला दिली. सात नोव्हेंबरला पुण्यात शिडाच्या नावांच्या शर्यतीसाठी राज्याच्या टीमची निवड है.

डोलकाठी है, शीड है. काठीला तिन्ही बाजूंनी धरणाऱ्या तारा मात्र गंजलेल्या. पोरगी म्हणाली, "आप्पा, तारा तुम्ही बसवून द्या." एकतीस वर्षं ट्रकच्या बॉड्या केल्या. यात काय अवघडै!

२५ ऑक्टोबर

अवघडच है. बोअरच्या मोटारीची तार दाखवली — "जड होते." ट्रकची साखळी ताणायचा टर्नबकल दाखवला — "आप्पा, लई जड!" तिला हलकं पाहिजे, मला न मोडणारं. बायको सिद्धम्मा चहा ठेवून म्हणाली, "बाप-लेक सोनं तोलायलाव काय?"

२७ ऑक्टोबर

तिनं मागवलेलं पार्सल आलं. बारीक तार, टर्नबकल, तीन शॅकल. शॅकल म्हणजे तारेचं टोक नावेला अडकवायची कडी, आडव्या पिनेची. करंगळीएवढी! हिच्या भरवशावर माझी पोरगी पाण्यात जाणार?

२८ ऑक्टोबर

शिवांजली आईसंगं येरमाळ्याला देवीच्या दर्शनाला. मी गॅरेजात. नवी कडी आली की तिला इंजिन टांगून बघायचं, ही आमची रीत. तिन्ही शॅकलला एकेक करून ट्रकचं इंजिन टांगलं. वरून दोन-दोन झटके दिले. एक तुटली न्हाय! पिना तेवढ्या अडकून बसल्या, पक्कडीनं सोडवल्या. आता फिकीर न्हाय.

३१ ऑक्टोबर

तलावावर काठी उभी केली. मी तार वाजेपर्यंत आवळली, तिनं दोन आटे सैल केली. "आप्पा, हा ट्रक न्हाय."

गेली पाण्यात. शीड भरलं. मी काठावर, नजर त्या बारीक तारांवर. पण लई भारी दिसत होती!

२ नोव्हेंबर

काठी पडली. भर तलावात, वारं जोरात आलं तेव्हा. डाव्या बाजूच्या शॅकलची पिन तुटली. काठी तिच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर आदळली. मासेमारी करणाऱ्या ज्ञानोबानं नाव ओढून आणली.

पोरीला खरचटलंसुद्धा न्हाय. पण रडत होती — "माझंच चुकलं. पिन मीच नीट आवळली न्हाय." घरी येऊन सरांना फोन केला. निवडीला येत न्हाय म्हणून सांगितलं. हे काम आपल्यानं होणार न्हाय म्हणाली.

३ नोव्हेंबर

उरलेल्या दोन शॅकल काढून आणल्या. पिना काचेवर ठेवल्या. दोन्ही मधी केसभर वाकलेल्या. एवढ्या वाकायला वारं पुरत न्हाय. इंजिन लागतं. तुटलेलीबी अशीच वाकलेली असणार.

म्हणजे मीच.

एकतीस वर्षांत एका गिऱ्हाइकाला 'माझं चुकलं' म्हणालो न्हाय. आज पोरगी समोर बसली होती, भाकरी चिवडत. तरी म्हणालो न्हाय. लाज वाटती.

४ नोव्हेंबर

तिनं शीड घडी घालून पोत्यात भरलं. मी पोत्याचं तोंड धरलं.

५ नोव्हेंबर

सांगितलं. सिद्धम्मापुढं, गुंडप्पापुढं. वाकलेल्या पिना तिच्या तळहातावर ठेवल्या.

शिवांजलीनं दोन्ही पिना उजेडात धरून बघितल्या. मग उठून फोन लावला — "सर, मी येतेय." आणि माझ्याकडं न बघताच म्हणाली, "तुम्हीबी चला, आप्पा. तिथं काठी तुम्ही धरायची. बांधणार मी."