दुसऱ्या जोडातली झांज

प्रिय दादा,

इन-इअर हेडफोनचे दोन्ही जोड अजून घरीच आहेत. पुण्याच्या माणसानं तुझ्या कानांचे साचे घेऊन बनवलेले, पण मलाही बसले. आपल्या दोघांचे कान आईवर गेलेत ना. एक ठेवायचा, एक परत करायचा. "तू शिकलेली, तूच सांग कुठला भारी," असं तू चेष्टेनं म्हणालास आणि मी ते मनावर घेतलं. तुमच्या तमाशाच्या फडाचं तेच एक रेकॉर्डिंग दोन्हींतून कितीदा तरी ऐकलं.

काळ्या जोडात ढोलकी थेट छातीत वाजते, पण बारीक आवाज तिच्याखाली दबतात. मधाच्या रंगाच्या जोडात ढोलकी आपल्या जागी राहते, तुणतुण्याची तार सुटी ऐकू येते, गाणारीण श्वास घेते तोही कळतो. आणि झांज तर पार विरेपर्यंत ऐकू येते. नेमका हाच जोड तू कानातून काढलास. "ह्यात झांजच न्हाई राव, फसवलं आपल्याला!" मी म्हटलं, आहे की. तर हसलास, "बी.एस्सी. झाली म्हणून झांज ऐकाया लागली व्हय गं!" मग काळा लावलास आणि आवाज इतका वाढवलास की समोर बसून मला त्यातली ढोलकी ऐकू येत होती.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तू विहिरीवरची मोटार बंद करायला उसाच्या बांधानं गेलास. बिबट्या अगदी तुझ्या मागून आडवा गेला. धोंडाबाई काकू किंचाळल्या, वस्तीवरच्यांनी पत्रे बडवले. तू वळलाही नाहीस. घरी आल्यावर म्हणालास, "कानात हेडफोन व्हते ना." बाबा तडकले, "कानात बुचं घालून फिरतंय येडं! जाशील एक दिवस." सगळ्यांना ते पटलं.

दादा, तू बांधावर होतास तेव्हापासून दोन्ही जोड माझ्या मांडीवर होते. ओट्यावर बसून मी ते पुसत होते. तुझी नजर माझ्या हाताकडे गेली आणि तू मान फिरवलीस. चारचौघांत मीही तुझं खोटं उघडं पाडलं नाही.

यात लाज कसली? इतकी वर्षं स्पीकरच्या भिंतीशेजारी उभा राहतोस. रविवारी नारायणगावला तुझ्या कानांची तपासणी ठरवली आहे. फडातल्या सगळ्याच साऊंडवाल्यांची व्हायला हवी, मालकांशी मी बोलेन. पण आधी तू.

फोनवर हे सांगू पाहिलं, तू नुसतं "बरं, बरं" म्हणून ठेवून देतोस. मेसेज केला तर अंगठा पाठवून मोकळा होशील. म्हणून तुमच्या गाडीवरच्या समाधानकडे हे पत्र देते आहे. शनिवारी संध्याकाळी तू येणार आहेस. काल बांधावर पुन्हा ठसे दिसले. या वेळी सोबत पिल्लांचेही. फाट्यावर उतरलास की चालत निघू नकोस, दिव्याखालीच थांब. मी गाडी घेऊन येते. मागून हाक मारणार नाही, समोर येऊन उभी राहीन.

तुझीच,
हर्षाली