पाठीवरचा कोड

प्रिय ठमे,

पत्ता तुझ्या मावशीकडून काढून घेतला. तिला बोलू नकोस, तासभर पिडलं तेव्हा कुठे दिला तिने. फोन तू माझा घेत नाहीस, म्हणून लिहायला बसले. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, लागेल तसं वाच. तू त्या फोटोवाल्याबरोबर घरातून गेलीस त्याला दोन वर्षं झाली. हा फोटोवाला तुला काय खायला घालणार, फोटो? असं मी म्हणाले होते, आणि त्यापुढे जे बोलले ते इथे लिहीत नाही. तू विसरली नसशील. तू परत माझ्याशी बोलावंस एवढंच मला हवंय. आधीच सांगून टाकते, मला आडवळणाने बोलता येत नाही.

शिवणाचा कारखाना बंद पडला. आता मी एका दुकानाची जाहिरात अंगावर घेऊन फिरते. डोक्यावर दुकानाची टोपी, पाठीला पट्ट्यांनी फळी बांधायची, तिच्यावर तो काळा-पांढरा चौकोनी कोड. कोणी मोबाइल रोखला की थांबायचं. आमच्यावर देखरेखीला एक बाई आहे, तिला आम्ही शिट्टी म्हणतो. तिने पहिल्याच दिवशी बजावलं, मावशी, मागे वळायचं नाही, श्वाससुद्धा हळू घ्यायचा, कोड हलला की मोबाइल पकडत नाही. मी म्हटलं, मग भिंतीवरच का नाही चिकटवत? तर म्हणे, भिंत गिऱ्हाइकाकडे चालत जात नाही.

लोक मागून येतात, स्कॅन करतात, जातात. भांडणं, लफडी, सासूची उणीदुणी, सगळं माझ्या मागे उभं राहून बोलतात, जसं काही तिथे माणूसच नाही. दिवसभरात माझं तोंड कोणी बघत नाही. घरी येऊन एकटीपुरतं शिजवते आणि रेडिओवरच्या बाईला शिव्या देत जेवते. शिव्या द्यायला तरी कोणी हवं.

एकदा शिट्टीला विचारलं, यातून उघडतं तरी काय? तिने मोबाइलवर दाखवलं. दुकान तान्ह्या मुलांच्या कपड्यांचं. पहिल्या खरेदीला सूट, पण आधी नाव, नंबर आणि कितवा महिना ते भरायचं. मी म्हटलं, यांना काय करायच्यात नसत्या चौकशा? ती हसली. म्हणाली, मावशी, दुकानाला तेच तर हवंय. मग दर महिन्याला त्या बाईला मेसेज जातो, आता हे घ्या, आता ते घ्या.

गेल्या मंगळवारी सिग्नलपाशी उभी होते. कोणीतरी मागे थांबलं, म्हणून मी सवयीने अंग आवरलं. आणि आवाज आला, अरे, इथे सहावा टाकू का सातवा? पुरुष म्हणाला, सातवा लागला की परवा, विसरलीस पण? तू हसलीस. तुझाच आवाज, ठमे. पण वळले नाही. शिट्टीला मी भीत नाही, तुला माहीत आहे. वळले असते आणि मला बघून तुझं हसू गेलं असतं, ते बघायची छाती नव्हती माझी. तू सगळं भरेपर्यंत तशीच राहिले. तुम्ही गेलात तरी तशीच. शेवटी शिट्टी येऊन ओरडली, मावशी, झोप लागली का उभ्या उभ्या?

त्या दुकानाला तुझा कितवा महिना ते माहीत आहे, ते तुला दर महिन्याला विचारणार. आणि मला ते चोरून ऐकावं लागलं. हे सहन होईना, म्हणून लिहिलं. मी बोलले ते चुकलं. फोटोवाल्यालाही सांग, चुकलं. टोपी नि फळीमुळे तू मला ओळखलं नसशील, असं मी धरून चालले आहे. ओळखून गप्प राहिली असशील, तरी रविवारी मी येणार आहे. घंटा वाजवीन. दार उघडायचं का नाही ते तू ठरव. नाही उघडलंस तर थोडा वेळ जिन्यात बसेन आणि पुढच्या रविवारी परत येईन.

तुझीच, तोंडाने वाईट,
आई