बोक्याशेजारचा उंदीर

४ नोव्हें., मंगळ.

वाचनालयाच्या महिला मंडळात डिसेंबरचं 'माझी आवडती कलाकृती' हे व्याख्यान माझ्या वाट्याला आलं. नाव लगेच सांगितलं. मांजर-उंदराचं ते जुनं कार्टून, सात मिनिटांचं. सुलभा मंडळाची अध्यक्ष. माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण खुर्चीत बसली की वयाने वाढते.

"मार्गशीर्ष असेल गं तेव्हा. काही सात्त्विक घे."

म्हटलं, यात बोक्याला पुरी सात मिनिटं उपास आहे. आणखी किती सात्त्विक?

हसली नाही. "कॉन्व्हेंटची ना तू," एवढंच. पण वहीत नोंद केली. २१ डिसें., रविवार, चार वाजता.

६ नोव्हें., गुरू.

मुद्दे काढायला बसले आणि म्हापशाचं बोर्डिंगच आठवत राहिलं. नाताळच्या सुट्टीआधी सिस्टर हॉलमध्ये चादर बांधायच्या आणि हे कार्टून लावायच्या. दर वर्षी हेच, कारण दुसरं नव्हतंच. एका वर्षी यंत्राचा आवाज गेला. चित्र हलतंय, बाकी सामसूम. तेव्हा सगळ्यांत म्हाताऱ्या सिस्टर उठल्या, पियानोवर बसल्या आणि चादरीकडे बघत वाजवू लागल्या. बोका जिना चढला की बोटं चढायची. उंदीर घसरला की बोटं घसरायची. तेव्हा कळलं की आपण इतकी वर्षं हे कार्टून कानांनी बघत होतो.

सुट्टीत पेडण्याला घरी आल्यावर भाईला सांगितलं. भाई माझा थोरला भाऊ. तेव्हा नुकताच दशावताराच्या मंडळीत मृदंगावर बसू लागला होता. म्हणाला, "तातूंत नवें कितें? आमी तेंच करतांव. राजान पांय उचललो की आमची थाप."

तेव्हापासून माझ्या डोक्यात ही दोन्ही एकच आहेत. व्याख्यानात हेच सांगायचं. पण नुसतं सांगून कोण ऐकणार? आवाज बंद करून कार्टून लावायचं आणि शेजारी भाईने मृदंग वाजवायचा. असं झालं तर...

८ नोव्हें., शनि.

मृदंग भाईच्या खोलीत, कपाटावर, वहिनीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला. गेल्या जत्रेपासून तिथेच.

त्या रात्रीचं लिहून ठेवते, कधी लिहिलंच नाही. मंडळीतला उल्हास राजा झाला होता. त्याने राक्षसाला लाथ मारली, राक्षस रीतसर कोलमडला, पडून हलायचाही थांबला आणि मग भाईची थाप पडली. अख्खा मांडव हसला. पुढेही दोनदा तसंच. पन्नास वर्षं ज्याच्या थापेवर राक्षस पडले, त्याच्यावर पोरंसोरं हसली. घरी येऊन म्हणाला, "हात मेलो, बाय." मी म्हटलं, वय झालं, आता विश्रांती घे.

समजूतदारपणा वाटला होता मला तो.

वहिनी असताना खेळाच्या दिवशी तिच्या परातीतून लिंबाएवढी कणीक उचलून न्यायचा, मृदंगाच्या डाव्या तोंडाला थापायला. त्याशिवाय तो घुमत नाही. वहिनी ओरडायची, "घरात जेवणारे पाच आणि सहावा मेला मृदंग! पोळी एक कमी पडते दरवेळी." आता घरात जेवणारे दोन. सहा पोळ्या पुरतात.

९ नोव्हें., रवि.

भाईला लॅपटॉपसमोर बसवून कार्टून दाखवलं. रंगीत तालीम म्हणून, आणि दुसरा हेतू मनात होताच.

माझा लाडका प्रसंग: बोका उंदराच्या बिळासमोर काठी उगारून बसतो. उंदीर मागच्या वाटेने बाहेर येतो, बोक्याशेजारी उकिडवा बसतो आणि त्याच्याबरोबर आपल्याच बिळात डोकावून बघतो, आता कोण येतं म्हणून. दोघेही मान वाकडी करून. हॉलमध्ये दरवर्षी मुली इथे किंचाळायच्या.

भाई हसला नाही. पुढे बोका पडला, भांडी कोसळली, तिथे मात्र पोट धरून हसला. संपल्यावर म्हणाला, बरें आसा. मला जरा लागलंच. माझी सर्वांत आवडती जागा, आणि ह्याचा चेहरा दगड.

१० नोव्हें., सोम.

सकाळी पोदेर आला, सायकलवर पाव घेऊन. भाईने उंडे घेतले आणि पैसे त्याच्या हाताऐवजी सायकलच्या टोपलीत टाकले. पोदेर हसला, मीही हसले. मग हसू थांबलं.

आत आले, लॅपटॉप उघडला, तोच प्रसंग काढला आणि आवाज बंद केला. विचारलं, काय दिसतं?

"बोको."

आणि?

"बोको बसला. कोणाची वाट बगता तो? उंदीर खंय?"

उंदीर त्याच्या नाकासमोर होता.

काल भांडी कोसळली तिथे हसला कारण ती ऐकू येतात. उंदीर शेजारी येऊन बसतो त्याला आवाज नाही.

आणि जत्रेत उल्हासचा पाय. लाथेला कुठे आवाज असतो. राक्षस धप्पदिशी पडल्यावर भाईला कळायचं, मग थाप. भाई उशीर करत नव्हता. त्याला पाय दिसतच नव्हता.

दुपारी मी परसात जाऊन थोडी रडले. मग म्हापशाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन केला, शुक्रवारची वेळ घेतली.

१४ नोव्हें., शुक्र.

म्हापसा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा पार पिकलेला. डॉक्टरांनी लांबून हात वर करून बोटं किती विचारलं. भाई म्हणाला, "दोतोर, देवान तुमका पांचच दिल्लीं आसतलीं."

डॉक्टर मला म्हणाले, बाई, तुमच्या लक्षात कसं आलं? म्हटलं, उंदरामुळे. त्यांना घरात उंदीर झालेत असं वाटलं. समजावत बसले नाही.

परतताना बसमध्ये भाई म्हणाला, त्याला वाटत होतं देवळापुढचे नवे पांढरे दिवेच वाईट.

२७ नोव्हें., गुरू.

काल उजवा डोळा झाला. आज पट्टी काढली. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"बाय, तूं म्हातारी जालीस गो."

तूसुद्धा, म्हटलं. आरसा घरी आहे.

वाटभर दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत आला. बसमधली माणसं बघत होती. वाचू दे.

५ डिसें., शुक्र.

कार्टून परत लावलं, त्यानेच मागितलं म्हणून. उंदीर बोक्याशेजारी येऊन बसला आणि भाई असा हसला की ठसका लागला. पाणी दिलं. मागे नेऊन तीनदा बघितलं. मग पडद्याला नाक लावून:

"उंदराक चारच बोटां गो."

आयुष्यभर बघते आहे. कधी मोजली नव्हती. बोक्यालाही चारच निघाली.

व्याख्यानाचे मुद्दे पक्के झाले, इथे उतरवते. एक तर कोणी बोलत नाही, म्हणून कुठेही लावा, फोंड्याला लावा नाहीतर तेरेखोलला, भाषांतर नको. कोणी मरत नाही. दशावतारातही मेलेला राक्षस पहाटे चहात उंडा बुडवून खातोच. बोका दुष्ट नाही, नोकरदार आहे. आणि शेवट: बोका खिडकीत अडकतो तेव्हा उंदीर परत येऊन त्याची शेपटी ओढून त्याला सोडवतो. मग पुन्हा पळापळ. उंदराला ठाऊक आहे, बोका नसला तर खेळच नाही. सुलभाला हे सात्त्विक वाटायला हरकत नाही.

१० डिसें., बुध.

आज सरळ विचारलं. आवाज बंद करते, तू वाजव. सात मिनिटं.

"दोळो आयलो म्हूण हात येता काय?"

हात कुठे गेलाच नव्हता, म्हटलं. डोळा गेला होता.

"तें तुका दिसता. माका खबर ना." आणि उठून गेला.

वाद घातला नाही. छत्तीस वर्षं वर्गात काढली, पोर कधी ढकलायचं आणि कधी फळा पुसत राहायचं हे कळतं. त्याचं भय खरं आहे. इतके दिवस 'हात मेला' म्हणून दुःख होतं, पण निकाल लागलेला होता. आता मृदंग खाली काढला तर निकाल नव्याने लागणार. आणि लागणार तो वाचनालयात, पन्नास बायकांसमोर. त्यांच्यातल्या निम्म्या त्या मांडवात होत्या.

तरी मी सु.ला सांगून टाकलं, पडद्याशेजारी एक पाट आणि सतरंजी ठेव.

"पाट कुणाला?"

ठेव तर खरी.

१४ डिसें., रवि.

उल्हास आला, जत्रेचं सांगायला. मांडवात राजा, आमच्याकडे मुकाट्याने पाट ओढून बसणारा. नवा मृदंगवाला कसा आहे विचारलं.

"हात बरो आसा, बाई. पण माझ्या पांयांकडे बगना, मोबायलाकडे बगता. भाईंक माझी लाथ माझ्याआधी कळताली."

बोलून गेला आणि जीभ चावली. भाई जनेलापाशी उभा होता, अंगणाकडे तोंड करून. वळला नाही. तसाच म्हणाला, "उल्हास, तूं उजवो पांय उचलतना दावो खांदो पाडटा. आदीं पाडी नासलो."

उल्हास माझ्याकडे बघत राहिला. नुसता पायच नव्हे, खांदाही दिसला होता. उल्हास पायरी चढून आला तेव्हा भाईने जनेलातूनच बघितलं असणार.

१८ डिसें., गुरू.

जेवताना, काही विषय नसताना:

"तो बोको छपरावयल्यान भायर धांवता मगे. हवेंत."

हो. खाली बघेपर्यंत पडत नाही.

"थंय सगळे वाजयतात. वाजवचें न्हय. हात वयर धरून रावचें. तो सकयल बगता, मागीर..." आणि ताटावर हात तसाच वर. आमटी गार होत होती. आमटी वाढायची कुलेर माझ्या हातातच.

मग हात खाली आणला आणि भात कालवला.

मला माझ्या व्याख्यानातलं सगळ्यांत चांगलं वाक्य मिळालं. बाकी काही मिळालं की नाही, माहीत नाही.

२१ डिसें., रवि.

आज चार वाजता. सकाळचे दहा. मला भीती नाही, कागदही लागणार नाही. भाईने नाही वाजवलं तर कार्टून आवाजासह लावेन. तेही उत्तमच आहे. सु.चा फोन: पाट ठेवलाय, रिकामा राहिला तर बरं दिसणार नाही. म्हटलं, मी बसेन त्याच्यावर.

कणीक मळून, ओलं फडकं घालून आंघोळीला गेले. येऊन बघते तर फडक्याचं एक टोक वर. गोळा एका बाजूने लिंबाएवढा खाल्लेला, कडेला बोटांचे ठसे.

भाई बाहेर सोप्यावर. पेपर वाचतोय, आता चष्म्याशिवाय वाचतो. कपाटावर काय आहे, काय नाही, ते मी बघायला गेले नाही. जाणारही नाही.

दारातून विचारलं, पोळ्या किती करू?

पेपर खाली केला नाही.

"एक कमी."